सौर अहवालाबरोबर गणनेची फाइलही मागा

प्रति,
संपादक,

महोदय,

नगर परिषदा, ग्रामीण रुग्णालये, शिक्षणसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या, सूतगिरण्या, साखर कारखाने असे सगळेच सध्या सौर प्रकल्पांचे अहवाल करून घेत आहेत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते, तर सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. शेतीच्या फीडरांसाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. हा पैसा यायलाच हवा. आमचे म्हणणे आहे ते पैशाच्या आधी येणाऱ्या अहवालाबद्दल.

असा अहवाल बहुतेक वेळा एखाद्या सॉफ्टवेअरमधून निघालेला असतो. मुख्याधिकारी, अधीक्षक किंवा सोसायटीचे सचिव यांच्यापुढे पीडीएफ येते. वर्षाला इतकी युनिटे, इतकी बचत, साडेचार वर्षांत परतफेड, इतके टन कार्बन वाचला. ज्या फाइलमध्ये गृहीतके भरलेली असतात ती मात्र कुणी मागत नाही, म्हणून कुणी देतही नाही. आमची मागणी एकच आहे. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक ऊर्जा आराखड्यासोबत त्याची मूळ फाइल ताब्यात घ्यावी आणि तिच्यातला हिशेब वर्षाच्या बेरजेचा नसावा, तासातासाचा असावा. त्यासाठी लागणारी बरीचशी साधने फुकट उपलब्ध आहेत, तेव्हा खर्चाची सबब इथे चालत नाही.

आधी साधनांविषयी थोडक्यात. कॅनडा सरकारच्या नैसर्गिक संसाधन विभागाने १९९८ साली ‘रेटस्क्रीन’ बाहेर आणले. ते महिन्याच्या सरासरीवर चालते. ऊर्जा, खर्च, उत्सर्जन, वित्त आणि जोखीम अशा पायऱ्यांनी ते प्रकल्पाची प्राथमिक चाळणी करून देते. फाइल जतन करायची नसेल तर ते फुकट वापरता येते. चाळणीसाठी ते उत्तम आहे, पण दुपारी दोनला तयार झालेली वीज आणि संध्याकाळी आठला लागणारी वीज यांतला फरक त्याला दिसत नाही, कारण महिन्याच्या बेरजेत दोन्ही एकाच खात्यात पडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने (२०२५ पर्यंतचे नाव) तयार केलेले ‘सॅम’ वर्षाचे ८,७६० तास एकेक करून सोडवते. ते पूर्ण मोफत आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. त्याच प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात सुरू झालेले ‘होमर’ आता सशुल्क आहे. सौर, डिझेल, बॅटरी आणि ग्रिड यांच्या शेकडो जोड्या तपासून ते त्यांची एकूण खर्चाप्रमाणे क्रमवारी लावते. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचे ‘पीव्हीजीआयएस’ ब्राउझरमध्येच चालते आणि नकाशावर टिचकी मारली की त्या जागेची तासागणिक सौर माहिती उतरवून देते. बँका ‘पीव्हीसिस्ट’चा अहवाल मागतात. ते स्वित्झर्लंडचे, सशुल्क आणि पॅनेलच्या सावलीचा हिशेब बारकाईने करणारे. एखाद्या नगर परिषदेला ‘पीव्हीजीआयएस’ आणि ‘सॅम’ एवढी दोन पुरतात.

तासाचा हिशेब केल्याने काय बदलते ते पाणीपुरवठ्याच्या उदाहरणावरून पाहू. बहुतेक नगर परिषदांच्या वीजबिलात पंपांचा वाटा मोठा असतो आणि सौर प्रकल्पाचा पहिला विचारही तिथेच होतो.

पन्नास हजार वस्तीचे गाव घ्या. माणशी रोज १३५ लिटर धरले तर ६७.५ लाख लिटर पाणी चढवायचे. जॅकवेलपासून (उपशाच्या विहिरीपासून) टाकीपर्यंतची एकूण चढण, घर्षणासह, ८० मीटर धरू. निव्वळ पाणी उचलायला १,४७० युनिटे लागतात. पंप आणि मोटर यांची मिळून कार्यक्षमता ६५ टक्के असेल तर रोज सुमारे २,२६० युनिटे, म्हणजे वर्षाला सव्वाआठ लाख. पंप २० तास चालत असतील तर भार ११३ किलोवॉट. आता आपल्याकडच्या बऱ्याच भागांत एक किलोवॉटचा संच वर्षाला १,४५० युनिटांच्या आसपास देतो. भागाकार केला की उत्तर येते ५७० किलोवॉट, आणि अहवालात लिहिले जाते, ‘पाणीपुरवठा योजना शंभर टक्के सौर’.

हीच माहिती ‘सॅम’मध्ये तासावार घाला. दुपारी संच ४०० किलोवॉटच्या वर जातो, तेव्हा पंपांना हवे असतात ११३. चांगल्या उन्हाच्या दिवशीसुद्धा पंप थेट वापरतील ९०० ते १,००० युनिटे. वर्षाचा विचार केला तर पंपांच्या गरजेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपासच गरज थेट उन्हातून भागते. उरलेली पाचेक लाख युनिटे ग्रिडवर जातात आणि तेवढीच संध्याकाळी, रात्री, पहाटे ग्रिडमधून परत घ्यावी लागतात. बेरीज जुळली, पण गाव रात्री कोळशाच्याच विजेवर पाणी चढवत राहिले.

नेट मीटरिंगने, म्हणजे ग्रिडला दिलेली युनिटे घेतलेल्या युनिटांतून वजा करण्याच्या सोयीने, ते भरून निघेल असे कुणी म्हणेल. त्याचे नियम वाचले पाहिजेत. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांप्रमाणे नेट मीटरिंगच्या संचाची क्षमता ग्राहकाच्या कराराच्या मागणीपेक्षा (वितरण कंपनीशी ठरलेल्या कमाल भारापेक्षा) जास्त ठेवता येत नाही. ११३ किलोवॉटच्या पंपहाऊसची कराराची मागणी दीडशे केव्हीएच्या घरात असेल, म्हणजे ५७० चा संच त्या दारातून आत येऊच शकत नाही. दुसरे असे की टीओडी दर (दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलणारा दर) लागू असलेल्या ग्राहकाची निर्मिती आधी त्याच वेळेच्या वापरातून वजा होते आणि उरलेली युनिटे जणू कमी मागणीच्या वेळीच तयार झाली असे धरले जाते. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांतल्या २०२३ च्या दुरुस्तीने तर सौर तासांचा दर नेहमीपेक्षा किमान वीस टक्के कमी आणि शिखर मागणीचा दर जास्त ठेवायला सांगितले आहे. दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट बिलात सारखे राहणार नाही. वर्षाची बेरीज गुणिले सरासरी दर अशी मांडलेली बचत तिथेच कोसळते.

मग पंपच दिवसा का चालवू नयेत? पुढची सूचना हीच येते, आणि ती अर्धी बरोबर आहे. ऊर्जा नियोजनाचे सॉफ्टवेअर पंपांचा भार उचलून दुपारी ठेवते आणि बॅटरीशिवाय ऐंशी-नव्वद टक्के सौर असे गोंडस उत्तर देते. पण रायझिंग मेनमधले (टाकीत पाणी चढवणाऱ्या मुख्य नळातले) घर्षण त्याला माहीत नसते. वरच्या उदाहरणात ८० पैकी ६० मीटर स्थिर चढण आणि २० मीटर घर्षण धरा. तेच पाणी २० ऐवजी १६ तासांत चढवले तर प्रवाह सव्वापट होतो आणि घर्षण २० वरून ३० मीटरवर जाते, कारण ते प्रवाहाच्या १.८५ व्या घाताने वाढते. एकूण चढण ९० मीटर, वीज साडेबारा टक्के जास्त. १२ तासांत चढवले तर घर्षण ५१ मीटर, एकूण १११, वीज ३९ टक्के जास्त. फक्त उन्हाच्या ९ तासांत चढवायचे ठरवले तर घर्षण ८८ मीटर, एकूण १४८, वीज ८५ टक्के जास्त आणि पंपांचा भार ११३ ऐवजी ४६५ किलोवॉट. जुन्या नळाला तो दाब झेपेल का, पाण्याचा आघात सांभाळणाऱ्या झडपा बदलाव्या लागतील का, टाकीत एवढे पाणी मावेल का, हे प्रश्न तर पुढचेच.

म्हणून दोन साधने जोडून वापरावी लागतात. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेचे ‘ईपीएनेट’ १९९३ पासून मोफत आहे आणि पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना ते परके नाही. त्यात पंपांचे वक्र, नळांचे व्यास आणि टाक्यांची पातळी भरून पंप चालवण्याचे वेळापत्रक बदलून पाहायचे. प्रत्येक वेळापत्रकाचा तासावार वीजवापर त्यातून काढायचा आणि ती चोवीस आकड्यांची ओळ ‘सॅम’मध्ये भार म्हणून घालायची. चार-पाच फेऱ्यांत योग्य जागा सापडते. वरच्या उदाहरणात आम्ही सोळा तासांवर थांबलो असतो. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा सलग दहा तास, मग संध्याकाळची गर्दी टाळून मध्यरात्रीनंतर सहा तास, आणि संच पंपांच्या भाराएवढाच किंवा थोडा कमी. त्यातली जवळपास सगळी वीज जागेवर वापरली जाते.

आणि हे सगळे करण्याआधी पंप तपासावेत. कार्यक्षमता ६५ वरून ७५ टक्क्यांवर नेली तर याच गावात रोज ३०० युनिटे वाचतात. वर्षाला १ लाख १० हजार. एवढ्यासाठी ७५ किलोवॉटचा सौर संच लागला असता. गळती ३० टक्क्यांवरून २० वर आली तर उपसा साडेबारा टक्क्यांनी घटतो. ज्या अहवालात हे दोन पर्याय सौरच्या शेजारी मांडलेले नाहीत तो कमी उत्सर्जनाचा आराखडा नव्हे, ते फक्त पॅनेलचे दरपत्रक आहे.

गणनेच्या फाइलमध्ये काय बिघडते आणि ते कसे ओळखायचे, हे आता जरा विस्ताराने. या चुका अडाण्यांच्या नाहीत. घाईने काम करणाऱ्या हुशार माणसांच्याच हातून त्या होतात आणि वर्षाच्या बेरजेत सहज लपून राहतात.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक घड्याळाची. ‘पीव्हीजीआयएस’ची तासावार माहिती जागतिक प्रमाणवेळेत असते. आपली वेळ साडेपाच तास पुढे. ती फाइल तशीच आपल्या भाराशेजारी चिकटवली तर सूर्य पहाटे एकच्या सुमाराला उगवतो, सकाळी सातला माथ्यावर येतो आणि दुपारी एकला मावळतो. वर्षाची निर्मिती तीच राहते, त्यामुळे शंका येत नाही, पण दुपारचा सगळा वापर ‘ग्रिडमधून घेतलेला’ ठरतो आणि सॉफ्टवेअर विनाकारण मोठी बॅटरी सुचवते. तपासणी अगदी सोपी आहे. कुठल्याही निरभ्र दिवसाचा आलेख काढा. आपल्याकडे शिखर साडेबाराच्या आसपास दिसले पाहिजे. साडेपाच तास सरकवताना अर्ध्या तासाचे काय करायचे हाही प्रश्न येतो. तास गोल करून टाकण्यापेक्षा लगतच्या दोन तासांची सरासरी घ्यावी.

दुसरी चूक दिशेची. ‘पीव्हीजीआयएस’मध्ये दक्षिण म्हणजे शून्य अंश, पूर्व उणे ९०, पश्चिम ९०. ‘सॅम’मध्ये उत्तर शून्य आणि दक्षिण १८०. एका साधनातला शून्य दुसऱ्यात नेला की पॅनेल उत्तरेकडे तोंड करून बसतात. पुण्याच्या अक्षांशावर, अठरा अंशांच्या आसपास कल ठेवला, तर या चुकीने निर्मिती दहा-पंधरा टक्क्यांनी घटते. एवढी घट धुळीच्या किंवा ढगांच्या नावावर सहज खपून जाते, हाच तिचा धोका.

लीप वर्षही असेच. बहुतेक साधने ८,७६० ओळी मागतात. डेन्मार्कच्या ऑलबोर्ग विद्यापीठाचे ‘एनर्जीप्लॅन’ मात्र ८,७८४ ओळींवर चालते. मीटरची माहिती लीप वर्षाची असेल आणि शेवटच्या चोवीस ओळी कापून टाकल्या, तर मार्चपासून पुढे प्रत्येक तारखेपुढे आदल्या दिवसाचा भार येतो. साप्ताहिक सुटी असलेल्या कारखान्याच्या भाराचा त्यात बट्ट्याबोळ होतो. कापायच्या त्या २९ फेब्रुवारीच्या चोवीस ओळी.

भार कुठून आणायचा हा त्याहून मोठा प्रश्न. बारा महिन्यांच्या बिलांतून सॉफ्टवेअर स्वतःच एक नमुनेदार वक्र बनवते आणि त्यात थोडी यादृच्छिक चढउतार मिसळते. तो वक्र खरा वाटतो, पण त्याला गावाचा बाजारवार, शस्त्रक्रियेचे दिवस किंवा परीक्षेचा महिना ठाऊक नसतो. उच्चदाब ग्राहकाच्या मीटरमध्ये लोड सर्व्हे (वेळेनुसार वापराची नोंद) साठवलेला असतो. तो उतरवून घेण्यासाठी वितरण कंपनीकडे लेखी अर्ज करावा. निदान एक उन्हाळी, एक पावसाळी आणि एक हिवाळी महिना खऱ्या नोंदींचा असलाच पाहिजे. जिथे तसे मीटर नाही तिथे तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा, नोंदी ठेवणारा मीटर पंधरा दिवस लावून ठेवायला फार खर्च येत नाही.

नुकसानीचे आकडे बहुधा जसे साधनात आधीपासून असतात तसेच सोडलेले आढळतात. ‘पीव्हीजीआयएस’मध्ये एकूण नुकसान १४ टक्के आधीच भरलेले असते. ते युरोपातल्या छपरासाठी ठीक असेल. पारा ४० वर गेलेल्या चंद्रपूरच्या दुपारी पॅनेलचे तापमान ७० अंशांपर्यंत चढते. मानक तापमान २५ अंश आणि दर अंशाला ०.३५ टक्के घट धरली तर त्या क्षणी पंधरा-सोळा टक्के ताकद उष्णतेनेच जाते. साधन तापमानाचा हिशेब वेगळा करत असेल तर तीच घट १४ टक्क्यांत पुन्हा मोजली जाऊ नये, आणि करत नसेल तर ती विसरली जाऊ नये. धूळही वर्षभर सारखी नसते. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या आसपास राख बसते, खडी क्रशरजवळ मार्च ते मे वाईट असतो, जुलैत पाऊस सगळे धुऊन काढतो. ‘सॅम’मध्ये बारा महिन्यांचे बारा आकडे भरायची सोय आहे, ती वापरावी. कोकणात जुलै-ऑगस्टची निर्मिती एप्रिलच्या निम्म्याच्या आसपास येते. रुग्णालयाची बॅटरी सरासरी महिन्यावर बेतली तर ती नेमकी तेव्हाच अपुरी पडते.

रुग्णालयांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्याचा जीव वाचावा म्हणून तशी रचना असते आणि ती योग्यच आहे. पण अहवालात ग्रिड वर्षभर अखंड गृहीत धरलेले असते. दिवसा सरासरी एक तास वीज जात असेल तर तेवढी निर्मिती बुडते आणि त्याच तासात डिझेल जनरेटरही चालतो. वीज गेल्यावर सौर चालू हवे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर, बॅटरी आणि अत्यावश्यक भाराची वेगळी वायरिंग असा वेगळाच खर्च येतो. शस्त्रक्रियागृह, लसींचे शीतकपाट, नवजात कक्ष आणि ऑक्सिजन यंत्रणा मिळून १० किलोवॉट भार चार तास सांभाळायचा असेल तर ४० युनिटे हवीत. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतली ८० टक्केच साठवण वापरायची आणि रूपांतरात दहा टक्के जातात, हे धरले की ५५ ते ५६ युनिटांची बॅटरी लागते. अहवालात ‘४० युनिट बॅटरी’ लिहिले असेल तर त्या रुग्णालयाला तिसरा तास संपण्याआधीच अंधार आहे.

बिलाचा आणखी एक कोपरा राहून जातो. राज्यात उच्चदाब ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे खरी आणि प्रतिघाती शक्ती मिळून, आकारणी होते. सौर संच खरी शक्ती पुरवतो, पण मोटरींना चुंबकत्वासाठी लागणारी प्रतिघाती शक्ती ग्रिडकडूनच येत राहते. ग्रिडकडून घेतलेल्या खऱ्या युनिटांची संख्या घटली की पॉवर फॅक्टर (एकूण शक्तीतला खऱ्या शक्तीचा वाटा) खाली येतो आणि अपेक्षित बचतीचा काही भाग परत जातो. इन्व्हर्टरची सेटिंग बदलून किंवा कपॅसिटर बँक नव्याने बेतून हे सुधारता येते. तसेच मागणी आकार, म्हणजे कमाल भारावर लागणारी रक्कम. संध्याकाळी सात वाजता भार तेवढाच राहत असेल तर तो एक रुपयानेही घटत नाही.

परतफेडीच्या आकड्यात दोन गृहीतके पाहावीत. वीजदर दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढेल असे धरले असेल तर आजचे ८ रुपयांचे युनिट पंचविसाव्या वर्षी ३२ रुपयांचे होते. एवढ्या वाढीवर उभी राहिलेली बचत खरी मानायची का, हे निर्णय घेणाऱ्याने ठरवावे. निदान शून्य, तीन आणि सहा टक्के असे तीन निकाल शेजारी हवेत. ‘होमर’मध्ये सूट दर (भविष्यातल्या पैशाची आजची किंमत काढण्याचा दर) आणि महागाई दर वेगवेगळे मागितले जातात आणि ते आधीपासून भरलेले असतात. ते भारतातले नाहीत. आणि दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागतो, तो खर्च कोष्टकात दिसलाच पाहिजे.

उत्सर्जनाच्या हिशेबात एका युनिटामागे किती कार्बन धरला ते विचारा. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडचा घटक प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत तो युनिटामागे ०.७ किलोच्या थोडा वर आहे. काही अहवालांत जुना आणि मोठा आकडा दिसतो, काहींत एक किलो. डिझेलसाठी लिटरमागे साधारण २.७ किलो धरतात. ग्रिडवर पाठवलेली वीज आणि जागेवर वापरलेली वीज या दोन्हींची वाचलेली टने वेगळी लिहावीत. नाहीतर तीच टने नगर परिषद एकदा मोजते आणि वितरण कंपनी पुन्हा मोजते.

आता राज्याच्या पातळीविषयी, कारण हाच दोष तिथे हजारपट मोठा होतो. वितरण कंपन्यांना आता पुरेशा वीजस्रोतांचा दीर्घ पल्ल्याचा आराखडा करावा लागतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने केंद्रीय विद्युत प्राधिकरणाशी सल्लामसलत करून त्यासाठी जून २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. मागणी पुरी न होण्याची शक्यता ०.२ टक्क्यांच्या आत ठेवायची, म्हणजे वर्षाला साधारण साडेसतरा तास. ते साडेसतरा तास कोणते, हे फक्त तासावार मॉडेलच सांगू शकते.

आपल्या राज्याच्या मॉडेलमध्ये काही गोष्टी हातानेच बांधाव्या लागतात. कोयना १,९६० मेगावॉटची आहे, पण पश्चिमेकडे वळवायचे पाणी कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधले आहे. तेवढ्या पाण्यात हे संच वर्षातला ढोबळमानाने सहावा हिस्सा वेळच पूर्ण भाराने चालू शकतात. मॉडेलमध्ये ही पाण्याची मर्यादा घातली नाही तर ते रोज संध्याकाळी कोयना मनसोक्त चालवते आणि फेब्रुवारीतच जलाशय रिकामा करूनही तक्रार करत नाही. उसाच्या चिपाडावरची सहवीज गाळपाच्या हंगामात मिळते. तिचा वार्षिक सरासरी भारांक (क्षमतेच्या वापराचे प्रमाण) भरला तर मॉडेलला ती ऑगस्टमध्येही मिळते. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प पाणी वर चढवताना खातो त्याहून कमी वीज परत देतो, ती घट धरावी लागते. साताऱ्याच्या पठारांवरचा वारा जून ते ऑगस्टमध्ये जोरात असतो, म्हणजे ऊन मंद असते तेव्हाच. ही जोडी फार मोलाची आहे. ती मॉडेलमध्ये दिसण्यासाठी वारा, ऊन आणि मागणी तिन्ही एकाच वर्षाची हवीत. वारा २०१५ चा, ऊन सरासरी वर्षाचे आणि मागणी गेल्या वर्षीची अशी मोट बांधली की पाऊस पडला म्हणून पंप बंद, ऊन कमी आणि वारा जास्त हे एकमेकांत गुंतलेले नाते तुटते.

यासाठीही मोफत साधने आहेत. स्टॉकहोम पर्यावरण संस्थेचे ‘लीप’ आपल्यासारख्या देशांतल्या सरकारी व शैक्षणिक संस्थांना मोफत मिळते. जिल्ह्याचा किंवा शहराचा वीस-पंचवीस वर्षांचा कार्बन आराखडा करायला, वाहने आणि स्वयंपाकाच्या इंधनासह, ते सोयीचे आहे. संपूर्ण वीजव्यवस्थेचे मॉडेल करणाऱ्या ‘ओसेमोसिस’ आणि ‘पिप्सा’ यांचा कोड खुला आहे. ‘पिप्सा’ला ‘हाय्स’ हा मोफत सॉल्व्हर (मॉडेलची समीकरणे सोडवणारा प्रोग्राम) चालतो, त्यामुळे महागडा परवाना लागत नाही. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने ‘रुमी’ हा खुला मंच बांधला आहे आणि त्यावर भारताच्या ऊर्जेचे मॉडेलही खुले केले आहे. हे काम आपल्या दारातच झाले असताना आपल्या विद्यापीठांनी आणि महापालिकांनी ते वापरू नये याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. ‘ओसेमोसिस’सारख्या साधनात संगणकावरचा भार कमी करायला वर्षाचे मोजके कालखंड पाडतात. आपल्याकडे ते पाडताना जुलैचा ढगाळ आठवडा आणि ऑक्टोबर हीटची संध्याकाळ स्वतंत्र राहिली पाहिजे. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीनच तुकडे केले तर दोन्ही सरासरीत विरघळतात.

यावर करायचे काय, ते नेमके लिहितो. नगरविकास, आरोग्य आणि शिक्षण खात्यांनी ऊर्जा अहवालाच्या निविदेत पुढील अट घालावी. सल्लागाराने वापरलेल्या साधनाचे नाव व आवृत्ती, मूळ प्रकल्प फाइल, भाराची व हवामानाची तासावार सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) आणि तासावार निकाल द्यावेत. गृहीतकांचे एक पान मराठीत असावे, त्यात प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला ते लिहावे. वार्षिक निर्मिती दुसऱ्या एखाद्या मोफत साधनात तपासून दाखवावी आणि फरक पाच टक्क्यांहून जास्त असेल तर कारण द्यावे. जागेवर थेट वापरली जाणारी वीज टक्क्यांत लिहावी. शुल्काचा काही भाग, दहा टक्के म्हणू, संच चालू झाल्यावर बारा महिन्यांच्या मीटरवाचनाशी अंदाज ताडून पाहिल्यावरच द्यावा.

सोसायटीला एवढे सगळे जमणार नाही. त्यांनी कंत्राटदाराकडून तीन गोष्टी घ्याव्यात. बारा महिन्यांची वेगवेगळी निर्मिती, एका निरभ्र दिवसाचा तासावार आलेख आणि पाण्याच्या टाकीची व लिफ्टच्या खोलीची सावली धरलेला नकाशा, तोही २१ डिसेंबरचा, कारण तेव्हा दुपारची सावली सर्वात लांब पडते.

राज्य भार प्रेषण केंद्राकडे दिवसाच्या ९६ पंधरा-मिनिटी कालखंडांची माहिती असते. मागणी, सौर, पवन, जल आणि औष्णिक निर्मितीचे गेल्या पाच वर्षांचे हे आकडे उतरवून घेता येतील अशा साध्या तक्त्यांत, जिल्हानिहाय जमतील तितके, प्रसिद्ध करावेत. प्रत्येक तक्त्यात वेळ भारतीय प्रमाणवेळेत आहे हे पहिल्याच ओळीत लिहावे.

आपले,
ऊर्जा नियोजनाच्या कामातले काही अभियंते, पुणे